कोरा चेहरा

नाकातली चमकी निघेना म्हणून माझं मेंदूचं पहिलं स्कॅनिंग रद्द झालं.

जर्मनीतल्या मानहाइम शहरातल्या एका संशोधन संस्थेचं तळघर. मंगळसूत्र, कानातले, अंगठी, केसांतल्या पिना, सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. चमकी मात्र मळसूत्राची. मी सातवीत असताना आजीनं गावच्या सोनाराकडे नेऊन बसवून घेतलेली, तेव्हापासून ती नाकातून निघालीच नव्हती. साबण लावला. तेल मागितलं, तिथं तेल कुठलं, हाताला लावायचं क्रीम मिळालं. नाक लालभडक झालं पण मळसूत्र फिरेना. सोन्याला चुंबक ओढत नाही हे मलाही ठाऊक होतं आणि तिथल्या तंत्रज्ञ बाईंनाही. पण त्या सोन्यात काय मिसळलंय हे कोण सांगणार? एमआरआय यंत्राचं चुंबक ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप), आणि ते कधी बंद नसतं. खोलीत कुणी नसलं तरी चालूच. बाई म्हणाल्या, "आज नको. पुढची तारीख कळवतो."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, कंटाळा नाही, हसू नाही. माझ्या पोटात खड्डा पडला. ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचेस्तोवर मनात सगळं ठरून गेलं होतं: मी यांना नकोशी झालेय, यांचा दिवस मी फुकट घालवला, आता मला संशोधनातून काढून टाकणार. ट्राम आली तेव्हा हात थरथरत होते. संध्याकाळी त्याच बाईंची ईमेल आली. नवी तारीख, नवी वेळ, आणि शेवटी दोन प्रेमळ ओळी.

सुरुवात इथून करतेय, कारण ज्यासाठी मला त्या यंत्रात झोपवणार होते ते नेमकं हेच होतं. कोरा चेहरा दिसला की माझ्या आत काय होतं, ते त्यांना बघायचं होतं.

मला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार आहे. निदान झालं २०२१च्या हिवाळ्यात, वयाच्या ३३व्या वर्षी. त्याआधी जवळजवळ पंधरा वर्षं मी हळवी होते, चिडकी होते, नाटकी होते, 'हिचं काही खरं नाही' होते. पुण्यात शिकत असताना दोन डॉक्टरांनी नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या. त्यांना दोष देत नाही, नैराश्यही होतंच. पण नैराश्य महिनोन्महिने मुक्काम ठोकून असतं, आणि माझं मन एका दुपारीत चार वेळा पालटायचं. सकाळी नवऱ्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटायचा. संध्याकाळी तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून 'हं' म्हणाला की वाटायचं, संपलं, हा मला सोडून जाणार. मग भांडण, मग दार आपटून बाहेर, मग रात्री स्टेशनच्या फलाटावर गोठवणाऱ्या थंडीत बसून रडणं, आणि मग स्वतःचा इतका तिटकारा की स्वतःला इजा केल्याशिवाय तो निवायचा नाही. त्याच्या तपशिलात मी जाणार नाही. जे त्यातून गेलेत त्यांना सांगायला नको, आणि जे गेले नाहीत त्यांना तपशिलानं काही कळणार नाही.

फलाटावरच्या अशाच एका रात्रीनंतर नवरा मला आमच्या घराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला, तिथून पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे. निदान एका भेटीत केलं नाही. तीन बैठका झाल्या, दीड-दोन तासांच्या. एकटं पडण्याची भीती, टोकाची नाती, आपण कोण आहोत याचाच पत्ता नसणं, आतलं रितेपण, अनावर राग. अशा नऊ खुणा असतात, त्यातल्या किमान पाच असाव्या लागतात. माझ्या सात भरल्या. तिसऱ्या बैठकीनंतर डॉक्टर म्हणाले, "याला नाव आहे, आणि यावर उपचार आहेत." मी घरी येऊन रडले. पण ते रडणं वेगळं होतं. माझ्या स्वभावाला खोट म्हणून नाही तर दुखणं म्हणून कुणीतरी पाहिलं होतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे वेड का गं?"

'बॉर्डरलाइन' हा शब्द १९३८ साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकानं वापरला. असे रुग्ण धड मज्जाविकृतीच्या (न्यूरोसिस, म्हणजे भान शाबूत असलेली मनाची दुखणी) खात्यात बसेनात, धड भ्रमिष्टांच्या, म्हणून सीमेवरचे. १९८०मध्ये हा विकार अमेरिकन निदानसूचीत अधिकृतपणे आला. नाव जुनं आणि चुकीचं आहे असंच मला वाटतं. मी कुठल्याच सीमेवर नाही. मी पुरती या बाजूला आहे आणि मला सगळं कळतं. कळूनही थांबता येत नाही, हेच तर दुखणं.

डॉक्टरांनी बारा आठवड्यांचा निवासी कार्यक्रम सुचवला, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीचा, म्हणजे अनावर भावना हाताळायला शिकवणाऱ्या उपचाराचा. इथं तो आरोग्य विम्यात बसतो. प्रतीक्षायादी मात्र काही महिन्यांची होती. वाट बघत असतानाच संशोधनाबद्दल विचारणा झाली: उपचाराआधी एकदा आणि नंतर एकदा मेंदूचं स्कॅनिंग, शिवाय मुलाखती, प्रश्नावल्या. मानहाइम आणि शेजारचं हायडेलबर्ग ही दोन्ही शहरं या विकाराच्या संशोधनात बरीच वर्षं पुढे आहेत. मी हो म्हटलं. खरं कारण असं, की मला पुरावा हवा होता. माझ्या आत खरोखर काहीतरी होतं, मी नाटक करत नाही, हे कुणीतरी यंत्रावर पाहावं असं वाटत होतं.

यंत्राच्या आधी कागद आला. बालपणातल्या आघातांची प्रश्नावली, अठ्ठावीस विधानं. लहानपणी असं घडायचं का? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बरेचदा, फार वेळा. पाचांतल्या एकावर खूण करायची. मार, लैंगिक अत्याचार, शब्दांनी केलेला छळ, खाण्यापिण्याची आबाळ, मायेची आबाळ, अशा पाच गोष्टी त्यातून मोजतात.

मी पेन हातात धरून बसून राहिले. आघात म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी मोठं यायचं. अपघात, बलात्कार, पट्ट्यानं मारणारा बाप. आमच्या घरात तसलं नव्हतं. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचं गाव, वडील साखर कारखान्यात नोकरीला. प्यायचे, पण मला कधी हात लावला नाही. दोन वेळचं गरम जेवण होतं, शाळेची फी वेळेवर जायची, दिवाळीला नवा फ्रॉक यायचा. मग मी कुठल्या तोंडानं 'बरेचदा' म्हणू?

आईचा अबोला मात्र होता.

मराठी घरात वाढलेल्याला हा शब्द समजावून सांगायला नको. माझ्या थेरपिस्टला सांगताना मला पंधरा मिनिटं लागली. भांडण नाही, ओरडणं नाही. माणूस समोर आहे, स्वयंपाक करतंय, वेणी घालून देतंय, आणि तुम्ही त्याच्यासाठी नाही आहात. सर्वांत मोठा अबोला मी चौथीत असताना झाला. वडील रात्री पिऊन आले आणि ताट भिरकावलं, हे मी शेजारच्या काकूंना बोलले. ते आईच्या कानावर गेलं. अकरा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मोजलेत मी, पाटीच्या मागं खडूनं रेघा मारायची. ताट समोर यायचं, पण "जेव" नाही. भावाला सांगायची, "तिला म्हणावं, दूध तापलंय." मी तिथंच असायची, दोन हातांवर. मी मुद्दाम विचारायची, "आई, मीठ कुठंय?" ती उठून मिठाची बरणी माझ्यापुढे ठेवायची आणि परत चुलीकडे बघायची. चेहऱ्यावर काही नाही. रागावली असती, एक ठेवून दिली असती, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्या चेहऱ्यात धरायला जागाच नव्हती. मग मी बघत बसायची. भुवई हलली का, ओठांचं टोक हललं का, भांडं ठेवण्याचा आवाज कालच्यापेक्षा मऊ आहे का. वडिलांच्या बाबतीत हेच उलट बाजूनं. फाटकाची कडी कशी वाजली यावरून आजची रात्र कशी जाणार ते मला कळायचं.

आणि रडले की: "एवढं काय झालंय रडायला?" "नाटकं बंद कर." "हळवी मेली." मी जिची वाट बघत होते ती डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभी केली. त्यांचं म्हणणं असं, की जन्मतःच जास्त तीव्रपणे भावना जाणवणारं मूल आणि 'तुला वाटतंय ते खरं नाहीच' असं सतत सांगणारं घर यांची गाठ पडते, तिथं हा विकार रुजतो. दोन्ही लागतं. माझ्या भावानं तोच अबोला पाहिला, त्याच फाटकाची कडी ऐकली, तो ठीक आहे. स्वीडनमध्ये नोंदींवरून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास निघाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. उलट बाजूनं, अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा, बालपणी छळ किंवा आबाळ झाल्याचं सांगण्याची शक्यता, संख्याशास्त्रातल्या 'ऑड्स'च्या हिशेबानं, मनोविकार नसलेल्या लोकांपेक्षा या विकाराच्या रुग्णांत जवळजवळ चौदा पट दिसली. आघाताशिवाय हा विकार होऊच शकत नाही असं नाही, आणि आघात झालेल्या प्रत्येकाला तो होतो असंही नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण वाचणाऱ्यांत एखादी आईही असेल.

त्या दिवशी मी शेवटी खुणा केल्या. मायेच्या आबाळीच्या विधानांवर हात जड झाला होता. कागद परत देताना वाटलं, मी पुन्हा शेजारच्या काकूंना सांगितलं.

चमकी काढली ती एका तुर्की सोनारानं. मानहाइमच्या बाजारचौकाभोवती तुर्की दुकानांची रांगच आहे, मिठाई, भाजी, नवऱ्यामुलीचे झगे आणि सोनं. आजोबांच्या वयाचा तो माणूस. भिंग डोळ्याला लावून त्यानं बारीक पक्कडीनं मळसूत्र हळूहळू उलगडलं, अगदी न दुखवता, आणि पैसे घ्यायला तयार होईना. चमकी मी रुमालाच्या गाठीत बांधून पर्समध्ये ठेवली. नाकावर हात गेला की चुकल्यासारखं व्हायचं.

यंत्राबद्दल आता. आडवं झालं की डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं एक कवच बसवतात. कानात बोळे, त्यावर हेडफोन, दोन्ही बाजूंना उशा, म्हणजे डोकं तसूभरही हलायला नको. डोळ्यांवर तिरका आरसा, त्यातून मागचा पडदा दिसतो. उजव्या हातात बटणं, डाव्या हातात रबरी फुगा. काहीही झालं तर फुगा दाबायचा, ते लगेच बाहेर काढतात. मग खाट आत सरकते आणि ठोकाठोकी सुरू होते. पहिली काही मिनिटं मेंदूचा नुसता आकार टिपतात. त्यानंतर काम. पडद्यावर तीन चेहरे, वरच्या चेहऱ्यासारखीच भावना खालच्या दोहोंपैकी कुणाची ते बटणानं सांगायचं. मधूनमधून चेहऱ्यांऐवजी नुसते गोल आणि लंबगोल, तुलनेसाठी.

संतापलेले चेहरे आले, घाबरलेले आले. छाती धडधडली, पण चाललं. पुढच्या भागात एकेकटे चेहरे होते आणि प्रश्न साधा होता, बाई की पुरुष. मध्येच एक बाई आली. मधला भांग, ओठ मिटलेले, नजर थेट. ना राग, ना काही. मला बटण सापडेना. घशात काहीतरी चढत गेलं. ती माझ्यावर रागावली होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दोन-तीन चेहऱ्यांनंतर ती पुन्हा आली आणि मी फुगा दाबला.

संशोधक मुलगी धावत आत आली. माझ्या पायावर हात ठेवून उभी राहिली. पाच मिनिटांनी मी म्हटलं, पूर्ण करू. नंतर बाहेर बसून पाणी पिताना मी तिला विचारलं, "ती मधल्या भांगाची बाई, तिला तुम्ही चिडायला सांगितलं होतं का?" ती म्हणाली, "नाही. तो चेहरा तटस्थ आहे. शेकडो लोकांना दाखवून तसं ठरवलेलं असतं."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. शेकडो लोकांना त्या चेहऱ्यात काही दिसलं नव्हतं. मला अकरा दिवस दिसले.

हे एकट्या माझं नाही, हे पुढे वाचून कळलं. अशा विकाराच्या बायकांचा मेंदू भावनिक चित्रं बघताना कसा वागतो हे जर्मनीतच झाबीने हेरपर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं. सहा रुग्ण आणि सहा निरोगी बायका, इतका छोटा अभ्यास. रुग्णांच्या मेंदूत दोन्ही बाजूंचा अमिग्डाला जास्त पेटलेला दिसला. अमिग्डाला म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला बदामाएवढा भाग. धोका आहे का, याची पहिली हाक तो देतो. दोन वर्षांनी येल विद्यापीठात नेल्सन डोनेगन यांच्या गटानं १५ रुग्णांना आणि १५ निरोगी लोकांना चेहरे दाखवले. रुग्णांचा डावा अमिग्डाला चेहऱ्यांना जास्त जोरानं उत्तर देत होता. आणि त्यांतल्या काहींनी नंतर सांगितलं की कोरे चेहरे भीतिदायक वाटले, ते काहीतरी वाईट बेत करतायत असं वाटलं. हे मी मध्यरात्री स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं.

यंत्र विचार वाचत नाही, एवढं ध्यानात ठेवायला हवं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायू असलेलं रक्त जास्त जातं, तो फरक ते टिपतं, आणि तोही चार-सहा सेकंदांनी उशिरा. अमिग्डाला सगळ्यांचाच पेटतो, वाघ दिसला की पेटायलाच हवा. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, मागाहून सांगतो की अरे, चित्रातला वाघ आहे. आमच्यात हाक मोठी असते आणि समजावणारा आवाज दबका. बरेच अभ्यास एकत्र पाहिले तर हेच सरासरीत दिसतं. सरासरीत, हे महत्त्वाचं. मी आशेनं विचारलं होतं, माझ्या स्कॅनवर दिसतं का? उत्तर स्पष्ट मिळालं: एका माणसाचं स्कॅन बघून हा विकार आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही. म्हणजे जो पुरावा मागायला मी गेले होते, तो मिळालाच नाही. मेंदूच्या आकाराचं एक काळंपांढरं चित्र दिलं, भेट म्हणून. ते आमच्या फ्रिजवर लावलंय.

बारा आठवड्यांबद्दल लिहायचं तर पुस्तक होईल. एकच धागा धरते. तिथं दिवसभर स्वतःचा ताण शून्य ते शंभरात मोजायचा आणि लिहायचा. सत्तरच्या वर गेला की विचार करण्यात अर्थ नसतो, डोकं तेव्हा ऐकतच नाही, आधी शरीराला खाली आणायचं. त्यासाठी प्रत्येकीकडे एक छोटी पिशवी असते. माझ्या खोलीतली मुलगी तिखट मिरचीची गोळी चघळायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला ती दिली तर काहीच झालं नाही. मी भाकरीबरोबर खर्डा खाऊन वाढलेली. मला बर्फ लागू पडला. गार पाण्याच्या भांड्यात श्वास रोखून तोंड बुडवायचं, नाडी खरोखर उतरते. सत्तरच्या खाली आलं की मग पुढचा धडा: वस्तुस्थिती तपासायची. मला काय दिसलं? मी त्याचा काय अर्थ लावला? आणखी काय अर्थ असू शकतो?

ऐकायला बालवाडीसारखं वाटतं. करताना जीव जातो. पाचव्या आठवड्यात गटात एक बाई माझं बोलणं चालू असताना खिडकीबाहेर बघत होती. माझा आकडा पंच्याऐंशी. मी उठून गेले, बर्फ धरला, परत आले आणि तिला विचारलं, "माझ्या बोलण्याचा कंटाळा आला का?" वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा मी हा प्रश्न सरळ विचारला. ती दचकली. म्हणाली, "नाही गं, माझ्या मुलाला आज ताप आहे, त्याच्या शाळेतून फोन येणार होता." जर्मनमध्ये 'गं' नसतं, पण तिच्या आवाजात ते होतं.

लिनेहानबाई स्वतः तरुणपणी इस्पितळात दोन वर्षांहून जास्त काळ होत्या, स्वतःला इजा करत होत्या, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं. आमच्या वॉर्डात हे प्रत्येकीला माहीत होतं. कुणी खचली की दुसरी आठवण करून द्यायची. आणि एक आकडा थेरपिस्टनं सांगितला होता, तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला, त्यांतल्या ९३ टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. नोकरी आणि नाती दोन्ही नीट बसवता आलेले निम्मेच होते. तेही लिहून ठेवलंय.

दुसरं स्कॅनिंग सप्टेंबरमध्ये झालं. मधल्या भांगाची बाई आली. पोटात खड्डा पडलाच. पण खड्ड्याबरोबर एक वाक्यही आलं, मराठीत: ही बाई फोटो काढायला बसलीय. मी बटण दाबलं. फुग्याला हात लावला नाही. माझ्या अमिग्डालानं त्या वेळी काय केलं ते मला कधीच कळणार नाही, कारण माझा आकडा इतरांच्या आकड्यांत मिसळून गेला. न्यूयॉर्कमध्ये ११ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात वर्षभराच्या या थेरपीनंतर अमिग्डालाची धावपळ कमी झालेली दिसली होती, एवढं मला माहीत आहे. अकरा माणसं म्हणजे थोडीच, पण मी त्यांना धरून आहे.

२०२३च्या दिवाळीत गावी गेले. आईशी बोलायचं ठरवलं होतं, थेरपिस्टबरोबर तीन वेळा तालीम केली होती. तालमीत आई जर्मन बोलायची. प्रत्यक्षात ती ओट्याशी बसून वाती वळत होती. मी म्हटलं, "आई, तू बोलायची नाहीस ना माझ्याशी, त्यानं मला फार भीती वाटायची." ती म्हणाली, "मी काय मारलं का तुला कधी?" आणि वाती वळत राहिली. माझा आकडा वर चढला. मी मागच्या दारी जाऊन हौदातलं पाणी तोंडावर मारून आले. परत येऊन बसले, काही बोलले नाही, वाती वळायला घेतल्या.

बऱ्याच वेळानं, कापसाकडे बघतच, ती म्हणाली, "तुझ्या आजीनं मला पहिलं वर्षभर हाक मारली नाही. मी एकोणीस वर्षांची. भिंतीकडं तोंड करून म्हणायच्या, चहा झाला का म्हणावं. मला वाटायचं, मी चालती-बोलती हाय का मेलीय?"

आजी. दुपारी मला मांडीवर घेऊन झोपवणारी, सोनाराकडे बोट धरून नेणारी, माझ्या नाकाला फुंकर घालणारी. मी नाकाला हात लावला. चमकी पुन्हा घातली होती, आता दट्ट्याची, हातानं निघणारी. आईवरचा माझा राग त्या क्षणी विरघळला असं म्हणणार नाही, विरघळला नाही. तिला काय झालं होतं ते कळलं, आणि मला काय झालं तेही तितकंच खरं राहिलं. दोन्ही एकदम धरून ठेवायचं, असं थेरपीत शिकवलं होतं. ओट्याशी बसून ते करताना मात्र मला घाम फुटला.

परत येताना माझ्या चुलतबहिणीच्या मुलीनं मला एका बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, मलाही असंच होतं." तिला आधी पोटाशी धरलं. मग तिच्या फोनमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकून दिला, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि तिच्या आईशी बोलले. तिनं "हळवी आहे झालं" म्हटलं, तेव्हा मी एक तास तिच्याजवळ बसले.

आता दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल असतो. परवा ती भाजी निवडत बोलत होती, मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात यायला जमणार नाही." आणि तिचा चेहरा थांबला. ओठ मिटलेले, नजर थेट माझ्याकडे. काही नाही चेहऱ्यावर. खड्डा पडला. साठ, मी मनात म्हटलं, पासष्ट. भाजीकडे पाहिलं, तिच्या बोटांत मेथीची काडी तशीच, हवेत. कोपऱ्यात गोल चकती फिरत होती.

मग खरखर झाली आणि तिचा आवाज आला, "अगं ऐकू येतंय का? नेट गेलं बघ. काय म्हणालीस, जमणार नाही? मग पापड कुणाबरोबर पाठवू?"